सर्व्हिस डॉगसोबतचा प्रवास : सामानाच्या डब्यापासून मालकाच्या पायाशी

1928 साली नॅशव्हिलचा मॉरिस फ्रँक हा वीस वर्षांचा अंध तरुण अमेरिकेहून युरोपला निघाला. अंध माणूस एकटा कसा जाणार, या भीतीपोटी त्याला पार्सलसारखं एका कंपनीच्या ताब्यात देऊन पाठवलं गेलं. तो चालला होता स्वित्झर्लंडला, तिथे कुत्र्यांना प्रशिक्षण देणाऱ्या डोरोथी युस्टिस यांच्याकडे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत 1916 मध्ये ओल्डेनबुर्गला गाईड डॉग, म्हणजे अंधांना वाट दाखवणारे कुत्रे, तयार करणारी शाळा निघाली होती, पुढे पॉट्सडॅमलाही एक उभी राहिली. तिथलं काम पाहून युस्टिस यांनी 1927 मध्ये एक लेख लिहिला. त्या लेखामुळेच फ्रँकने त्यांना पत्र पाठवलं होतं.

परतताना त्याच्यासोबत बडी ही जर्मन शेफर्ड कुत्री होती. न्यूयॉर्कला उतरल्यावर पत्रकारांच्या देखत, वाहनांच्या गर्दीतून, दोघांनी वेस्ट स्ट्रीट ओलांडला. पुढच्याच वर्षी ‘द सीइंग आय’ ही शाळा सुरू झाली.

रस्ता ओलांडता आला, तरी आगगाडीत एकत्र बसता येईना. कुत्र्याची जागा सामानाच्या डब्यात, असा रेल्वेचा शिरस्ता होता. पाळीव कुत्र्यापुरता तो समजण्यासारखा होता. पण अंध प्रवाशाला कुत्र्याची सर्वांत जास्त गरज लागते ती गाडीतून उतरताना. पायरी कुठे संपते, फलाटाची कड किती जवळ आहे, हे कुत्र्याच्या अंगावरच्या पट्ट्याच्या, म्हणजे हार्नेसच्या, दांड्यातून हाताला कळतं. नेमक्या त्याच क्षणी कुत्रा चार डबे मागे असेल, तर त्याचा उपयोग काय? फ्रँक आणि बडी गावोगाव फिरून हेच पटवत राहिले. 1935 पर्यंत अमेरिकी रेल्वे कंपन्यांनी गाईड डॉगना प्रवाशांच्या डब्यात घेतलं. 1938 मध्ये युनायटेड एअरलाइन्सने त्यांना केबिनमध्ये मालकाच्या पायाशी बसू दिलं. त्याच वर्षी बडी गेली.

ही परवानगी होती, हक्क नव्हता. कंपनीने आज हो म्हटलं, उद्या नाही म्हटलं, तर दाद कुठे मागायची? अमेरिकेत विमानप्रवासातल्या भेदभावाविरुद्धचा कायदा 1986 मध्ये झाला. युरोपीय संघाच्या नियमांनी 2008 पासून साहाय्यक कुत्र्याला केबिनमधली जागा दिली. बडीच्या विमानप्रवासानंतर सत्तर वर्षांनी!

याहून कठीण अडथळा होता रेबीजच्या भीतीने उभा केलेला. ब्रिटनमध्ये बाहेरून येणाऱ्या कुत्र्याला सहा महिने क्वारंटाइन असे, आणि गाईड डॉगही त्यातून सुटत नव्हता. म्हणजे ब्रिटिश अंध माणूस कुत्र्यासह आठवडाभर फ्रान्सला गेला, तर परतल्यावर अर्धं वर्ष कुत्र्याविना. साहजिकच अनेकांना कुत्रा घरी तरी ठेवावा लागे, नाहीतर परदेशाचा बेत सोडावा लागे. मायक्रोचिप, लस आणि रक्ततपासणी यांच्या आधारे प्रवेश देणारी योजना 28 फेब्रुवारी 2000 ला सुरू झाली, तेव्हा कुठे ही कोंडी फुटली.

अमेरिकेच्या हवाई या बेटांच्या राज्यातही 120 दिवसांचं क्वारंटाइन होतं. तिथल्या अंध लोकांनी कोर्टात धाव घेतली. राज्याचं म्हणणं, नियम सगळ्या कुत्र्यांना सारखाच. 1996 मध्ये अपील न्यायालयाने दाखवून दिलं की नियम सारखा असला, तरी त्याचा घाव सारखा नाही. इतरांचा पाळीव कुत्रा चार महिने दूर राहतो, अंध माणसाचं मात्र हिंडणंफिरणंच थांबतं. या सगळ्या इतिहासातला हा युक्तिवाद मला सर्वांत मोलाचा वाटतो.

दरम्यान कुत्र्यांची कामंही वाढत गेली. 1975 मध्ये कॅलिफोर्नियात शारीरिक अपंगत्व असलेल्यांसाठी सर्व्हिस डॉग तयार करणारी संस्था निघाली. कर्णबधिरांना आवाजाची सूचना देणारे कुत्रे आले, नंतर मानसिक आजारात मदत करणारेही. अपंगत्व डोळ्यांना दिसेनासं झालं, तसा प्रवाशाकडे पुरावा मागितला जाऊ लागला. त्यातच अमेरिकी विमानांत भावनिक आधाराच्या नावाखाली प्रशिक्षण नसलेले प्राणी शिरले. त्यांच्या भुंकण्या-चावण्याचा राग प्रशिक्षित कुत्र्यांवरही निघाला.

जानेवारी 2021 पासून तिथे नियम बदलले. भावनिक आधाराच्या प्राण्यांना सर्व्हिस डॉगचा दर्जा द्यायचं बंधन विमान कंपन्यांवर उरलं नाही. मानसिक आजारासाठी प्रशिक्षित कुत्र्याला मात्र गाईड डॉगच्याच बरोबरीचं स्थान मिळालं, आणि ते न्याय्यच झालं. पण आता कुत्र्याचं आरोग्य, वर्तन आणि प्रशिक्षण यांविषयीचा फॉर्म कंपनी 48 तास आधी मागू शकते. उड्डाण आठ तासांचं किंवा त्याहून लांबचं असेल, तर कुत्र्याच्या शी-शूबद्दल लेखी हमी वेगळी. खोटेपणा केला दुसऱ्यांनी आणि कागद भरायचे ज्यांना कुत्र्यावाचून पाऊल टाकता येत नाही त्यांनी, ही वाटणी मला अजूनही पटलेली नाही.