बर्ड फ्लूचा मानवी संसर्ग

पक्ष्यांमधील इन्फ्लुएंझा ‘ए’ विषाणूंची माणसाला बाधा होऊन उद्भवणारा आजार. रानबदके व इतर पाणपक्षी हे या विषाणूंचे मूळ आश्रयस्थान. विष्ठेवाटे ते पाळीव कोंबड्या-बदकांत शिरतात आणि तेथून क्वचित माणसांत येतात.

एच५एन१ या उपप्रकाराची माणसांतील पहिली लागण १९९७ साली हाँगकाँगमध्ये आढळली. १८ जण आजारी पडले, त्यांतले ६ दगावले. सुमारे १५ लाख कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मारल्यावर ती लागण थांबली. २००३ पासून जागतिक आरोग्य संघटनेकडे नोंदलेल्या साडेनऊशेहून अधिक रुग्णांपैकी जवळपास निम्मे मरण पावले. हे प्रमाण मात्र जपून वाचावे लागते. सौम्य आजार असणारे बहुधा तपासणीपर्यंत पोचतच नाहीत, शिवाय विषाणूच्या सगळ्या शाखा सारख्या घातक नसतात. २०२४ मध्ये अमेरिकेतील दुभत्या गाईंत एच५एन१ पसरला, तेव्हा गोठ्यांत काम करणाऱ्या बहुतेक बाधितांचे डोळे आले आणि आजार सौम्यच राहिला.

याचे कारण पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहींमध्ये, म्हणजे विषाणू जिथे चिकटतो त्या रेणूंमध्ये, आहे. पक्ष्यांचे विषाणू ज्या ग्राहींना चिकटतात, ते माणसात मुख्यतः डोळ्यांच्या आवरणात व फुप्फुसांच्या खोल भागात असतात. नाक-घशात वेगळ्याच प्रकारचे ग्राही अधिक. विषाणू खोलवर पोचला तर न्यूमोनिया जिवावर बेततो, पण खोकल्या-शिंकेतून तो सहजी बाहेर पडत नाही. म्हणजे जे त्याला घातक बनवते, तेच त्याला पसरूही देत नाही. माणसाकडून माणसाला लागण आजवर मोजक्याच वेळी, तीही बहुतेक घरातल्या घरात, झाली आहे.

विषाणूपुढची ही अडचण कायमची नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मोजक्या उत्परिवर्तनांनंतर (जनुकांतील बदलांनंतर) एच५ विषाणू फेरेट या प्राण्यांत हवेवाटे पसरू लागला. दुसरी वाट जनुकांच्या अदलाबदलीची: एकाच शरीरात माणसाचा व पक्ष्याचा फ्लू एकत्र आला की नवा विषाणू घडू शकतो. १९५७ व १९६८ च्या जागतिक साथींचे विषाणू अशाच मिश्रणातून निघाले होते.

चीनमध्ये २०१३ पासून दिसलेल्या एच७एन९ ने वेगळाच पेच टाकला. सुरुवातीला त्याने कोंबड्या आजारीच पडत नसत, त्यामुळे माणूस रुग्णालयात येईपर्यंत धोक्याची खूण मिळत नसे. दीड हजारांहून अधिक रुग्ण झाले; २०१७ मध्ये कोंबड्यांना लस देऊ लागल्यावर ही संख्या एकदम खाली आली.

नीट शिजवलेले (७० अंश सेल्सिअस व वर) मांस-अंडी आणि पाश्चरीकृत दूध यांपासून धोका नाही. कच्चे दूध टाळावे. खरी जोखीम आजारी पक्षी हाताळणाऱ्यांना असते. मुखपट्टी, चष्मा आणि लवकर सुरू केलेले ओसेल्टामिव्हिर (विषाणूरोधी औषध) हे त्यांचे मुख्य संरक्षण. त्यांना हंगामी फ्लूची लसही दिली जाते: ती बर्ड फ्लू रोखत नाही, पण दोन्ही विषाणू एकाच शरीरात गाठ पडण्याची शक्यता घटवते. पक्षी मारल्याची भरपाई वेळेवर मिळाली नाही, तर पशुपालक मरतुक लपवतात आणि देखरेख तिथेच कोलमडते.