बांगलादेशातील तयार कपड्यांचा उद्योग

परदेशी ब्रँडच्या मागणीनुसार कपडे शिवून ते निर्यात करणारा बांगलादेशाचा सर्वांत मोठा उद्योग. देशाच्या निर्यात-उत्पन्नात त्याचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक असून सुमारे ४० लाख कामगार त्यावर जगतात. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. जागतिकीकरणातून गरीब देशाच्या पदरात काय पडते आणि त्याची झळ कोणाला बसते, हे येथे जितके उघड दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल.

स्वातंत्र्याच्या वेळी, १९७१ साली, देशाची निर्यात मुख्यतः तागाची होती. १९७४ च्या बहुतंतू करारान्वये श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटा लावला. दक्षिण कोरियाला तो जाचू लागला. बांगलादेशावर तसे बंधन नव्हते. तेव्हा देवू या कोरियन कंपनीने ‘देश गारमेंट्स’ या बांगलादेशी कंपनीशी करार करून १९७९ च्या सुमारास सुमारे १३० बांगलादेशींना बुसानमध्ये काम शिकवले. त्यांतल्या बहुतेकांनी पुढे नोकरी सोडली आणि कोणी स्वतःचे कारखाने काढले, कोणी दुसऱ्यांचे उभे करून दिले. परदेशी खरेदीदाराच्या पतपत्राच्या (बँकेने दिलेल्या पैशाच्या हमीच्या) आधारे कापड उधारीवर आणि आयातशुल्काविना आणण्याची सोय झाल्याने भांडवलाचा प्रश्नही सुटला. २००५ मध्ये कोटा संपल्यावर चीनपुढे हा धंदा बसेल असे अनेकांना वाटले होते, पण तो वाढतच गेला.

खेड्यांतून आलेल्या मुलींच्या हाती यामुळे प्रथमच स्वतःचा पगार आला. कारखान्यांच्या आसपासच्या गावांत मुलींची लग्ने उशिरा होऊ लागली, त्यांचे शिक्षणही लांबले. या उद्योगाला निव्वळ पिळवणूक म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी हे नजरेआड करू नये.

पण दर आणि माल पोचवण्याची तारीख खरेदीदार ठरवतो, आणि तो ताण मालकाकडून सुपरवायझरकडे, तिथून मशीनवरच्या बाईच्या तासाच्या टार्गेटवर येतो. ढाक्याजवळच्या साभार या गावातील राणा प्लाझा या आठमजली इमारतीला २३ एप्रिल २०१३ रोजी तडे गेले. त्याच इमारतीतल्या बँकेने कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. शिवणकामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर यायला भाग पाडले गेले, पगार कापण्याची धमकी देऊन. त्या सकाळी इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली. त्यानंतर ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये सुरक्षेचा करार झाला. तो कायद्याने बंधनकारक होता, म्हणूनच कारखान्यांत तपासण्या आणि दुरुस्त्या प्रत्यक्षात झाल्या. ब्रँडच्या स्वेच्छेच्या आचारसंहितांना हे आधी जमले नव्हते.

आयात करणाऱ्या देशांतही सगळ्यांचेच भले झाले नाही. अमेरिकेत १९९० मध्ये सुमारे ९ लाख लोक कपडे बनवण्याच्या कामात होते, आता १ लाखही उरलेले नाहीत. स्वस्त शर्ट देशभर मिळाला, कारखाने बंद पडले ते ठरावीक गावांतले.

बांगलादेशात २०२३ मध्ये कामगारांनी महिना २३,००० टका (बांगलादेशाचे चलन) किमान वेतन मागितले. आंदोलनात काहींचा जीव गेला. सरकारने १२,५०० टका ठरवले.