पिंपल्स, चॉकलेट आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या

1969 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. 65 जण घेतले, त्यातली 30 पिंपल्सच्या ट्रीटमेंटला येणारी टीनएजर मुलंमुली आणि उरलेले 35 चक्क तुरुंगातले तरुण कैदी (तेव्हा हे असलं खपून जायचं, नंतर त्यावरून भरपूर वाद झाले, असो). त्यांना चार आठवडे रोज एक चॉकलेट बार खायला दिला, साध्या बारच्या दहापट चॉकलेट असलेला, आणि दुसरे चार आठवडे तसाच दिसणारा पण चॉकलेट अजिबात नसलेला बार. मग पिंपल्स मोजले. काही फरक नाही. झालं, पुढची तीसेक वर्षं स्किनचे डॉक्टर ठामपणे सांगत राहिले की खाण्याचा आणि पिंपल्सचा काही संबंध नाही, आणि घरची मोठी माणसं तितक्याच ठामपणे सांगत राहिली की आहे.

आता गंमत बघा. तो जो बिनचॉकलेटचा बार होता ना, त्यात साखर आणि फॅट जवळपास तेवढंच घातलेलं होतं. म्हणजे दोन्ही वेळेला पोटात साखर तेवढीच गेली, फॅट तेवढंच गेलं, फक्त कोको असणं-नसणं एवढाच फरक. मग प्रयोगातून कळलं काय तर कोकोने पिंपल्स वाढत नाहीत. गोड खाल्ल्याने वाढतात की नाही हे त्यात तपासलंच नव्हतं. वर त्या अभ्यासाला चॉकलेट बनवणाऱ्यांच्या संघटनेची मदत होती. एवढ्या भांडवलावर इतकी वर्षं ‘काहीही खा, फरक पडत नाही’ हा सल्ला चालला, हे मला तरी जरा अतिच वाटतं.

खाण्याचा संबंध असेल तर तो लागतो कुठे, हे कळायला पिंपल कसा तयार होतो ते बघायला लागेल. त्वचेवरच्या प्रत्येक बारीक छिद्रात एक केस असतो आणि त्याला चिकटून तेल बनवणारी ग्रंथी. हे तेल म्हणजे सीबम. वयात येताना हार्मोन्स वाढले की ग्रंथी मोठी होते, तेल जास्त सुटतं, त्याच वेळी छिद्राच्या आतल्या भिंतीच्या पेशी नीट गळून न पडता एकमेकींना चिकटतात आणि बूच बसतं. आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे बॅक्टेरिया असतातच, सगळ्यांच्या चेहऱ्यावर असतात, घाण म्हणून नाही. बूच बसल्यावर त्यांना हवं तसं वातावरण मिळतं, शरीर त्यांच्यावर चालून जातं, सूज येते, लाल होतं, पू होतो. हे सगळं व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे ‘काल वेफर्स खाल्ले आणि आज पिंपल आला’ यात काही दम नाही, आजच्या पिंपलची तयारी कधीच सुरू झालेली असते. आणि खाल्लेलं तेल काही तसंच्या तसं चेहऱ्यातून पाझरत नाही हो, सीबम ग्रंथी स्वतः बनवते. त्यामुळे ‘तेलकट खाऊ नको, चेहरा तेलकट होतो’ हे तब्येतीला चांगलं असेल, पण त्यामागचं लॉजिक गंडलेलं आहे.

साखरेचं मात्र तसं नाही. पांढरा ब्रेड, कोल्ड्रिंक, गोड बिस्किटं असलं पटकन पचणारं काही खाल्लं की रक्तातली साखर झपकन वर जाते, तिच्या मागे इन्सुलिन वाढतं, आणि इन्सुलिन सतत वाढलेलं राहिलं की आयजीएफ-1 नावाचं वाढीचं हार्मोन जास्त मोकळं फिरायला लागतं. हे दोघं मिळून तेलग्रंथीला जोर देतात आणि पुरुषी हार्मोन्सचाही परिणाम वाढवतात (ते बायकांच्यातही असतात, थोडे). हे कागदावरचं लॉजिक आहे असं वाटत असेल तर लॅरॉन सिंड्रोम बघा. हा एक दुर्मिळ जनुकीय आजार आहे, त्यात शरीरात आयजीएफ-1 जवळजवळ बनतच नाही, माणसं खूप बुटकी राहतात, आणि त्यांना पिंपल्स सहसा येतच नाहीत. उपचार म्हणून त्यांच्यातल्या काहींना आयजीएफ-1 जास्त डोसमध्ये दिलं गेलं तर पिंपल्स आले, आणि डोस कमी केल्यावर कमी झाले. यापेक्षा सरळ पुरावा काय पाहिजे की हे हार्मोन पिंपल्सच्या खेळात आहे.

2002 मध्ये एक पेपर आला तो पण खूप गाजला. पापुआ न्यू गिनीतल्या कितावा बेटावरचे 1200 लोक आणि पॅराग्वेमधले आचे जमातीचे 115 लोक तपासले, एकाच्याही चेहऱ्यावर पिंपल नाही, टीनएजर धरून. ही माणसं कंदमुळं, फळं, मासे, शिकार असलं खाणारी, कारखान्यातलं खाणं जवळजवळ शून्य. भारी आहे, पण यावरून लगेच ‘बघा, खाणंच कारण’ असं म्हणता येत नाही, कारण त्यांचे जीन्स वेगळे, राहणी वेगळी, सगळंच वेगळं. आणि जीन्सचा वाटा फार मोठा आहे, ब्रिटनमध्ये जुळ्या बहिणींवर झालेल्या अभ्यासात पिंपल्सच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला 81 टक्के आनुवंशिक निघाला होता. म्हणून तर एकजण दिवसभर गोड खातो आणि चेहरा गुळगुळीत, दुसरा बिचारा सगळं सोडून बसलेला असतो तरी पुटकुळ्या जात नाहीत.

नीट प्रयोग करायचा तर लोकांचे दोन गट करायचे आणि एका गटाचं खाणं बदलायचं. 2007 मध्ये मेलबर्नमध्ये हे केलं, 15 ते 25 वयाची 43 मुलं, 12 आठवडे. एका गटाला रक्तातली साखर हळूहळू वाढेल असा आहार, प्रोटीन जरा जास्त, दुसऱ्या गटाला नेहमीचं. पहिल्या गटात पिंपल्स सरासरी साधारण 23 ने कमी झाले, दुसऱ्यात 12 ने. इथे जरा थांबा, कारण तो 12 चा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्यांनी खाण्यात काहीच खास केलं नाही त्यांचेही 12 पिंपल्स कमी झाले! पिंपल्स स्वतःहून वरखाली होत असतात आणि माणूस उपाय शोधायला निघतो तेव्हा ते बहुतेक वेळा वरच्या टोकाला असतात, मग पुढे काहीही केलं, अगदी काहीही, तरी थोडे उतरतातच, आणि क्रेडिट त्या आठवड्यात जे चालू केलं असेल त्याला मिळतं. ‘मी अमुक गोळी घेतली आणि चेहरा साफ झाला’ असं कोणी सांगितलं की मला हा 12 आठवतो. शिवाय त्या प्रयोगात आहार बदललेल्या मुलांचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे फायदा साखर कमी झाल्याचा की वजन कमी झाल्याचा हे पूर्ण वेगळं काढता येत नाही. कोरियातही असाच एक छोटा प्रयोग झाला, 10 आठवड्यांचा, त्यात तर त्वचेचे तुकडे काढून मायक्रोस्कोपखाली बघितले आणि तेलग्रंथी लहान झालेल्या दिसल्या.

दुधाचं प्रकरण अजून कच्चं आहे. संबंध दिसतो, म्हणजे 2018 मध्ये बऱ्याच अभ्यासांतल्या मिळून 78 हजारांवर मुलं आणि तरुणांचे आकडे एकत्र केले तेव्हा दूध-दही-चीज घेणाऱ्यांच्यात पिंपल्सची शक्यता थोडी जास्त निघाली, आणि विचित्र म्हणजे सायीचं दूध कमी दोषी, साय काढलेलं जास्त. पण हे सगळं ‘काय खाता’ विचारून केलेले सर्व्हे आहेत, दूध बंद करून बघितलेला नीट प्रयोग त्यात नाही. दुधापासूनच बनणाऱ्या व्हे प्रोटीनचे डबे सुरू केल्यावर पिंपल्स उसळलेल्या मुलांच्या केसेस मात्र डॉक्टरांनी नोंदवल्यात, त्यामुळे जिमला जाणाऱ्याने एवढं तरी डोक्यात ठेवावं.

आता गोळ्या. व्हिटॅमिन ए पासून सुरू करू कारण यात खरोखर ताकद आहे आणि म्हणूनच धोका पण. तो 1969 चा चॉकलेटवाला प्रयोग करणाऱ्यांत अल्बर्ट क्लिगमन नावाचे स्किनचे डॉक्टर होते, त्याच क्लिगमननी व्हिटॅमिन ए पासून बनलेलं ट्रेटिनॉइन पिंपल्सवर लावायचं औषध म्हणून पुढे आणलं आणि नंतर 1981 मध्ये व्हिटॅमिन ए ची गोळीच रोज 3 लाख युनिट देऊन पिंपल्सवर वापरायची वकिली केली. मोठ्या माणसासाठी रोजची वरची मर्यादा 10 हजार युनिट धरतात, म्हणजे हे तिच्या तीसपट! पिंपल्स कमी होतात हो, पण ओठ फुटतात, डोकं दुखतं, लिव्हरवर ताण येतो, आणि प्रेग्नन्सीत बाळाला व्यंग येऊ शकतं. पुढे 1982 मध्ये आयसोट्रेटिनॉइन आलं, तेही व्हिटॅमिन ए चंच भावंड, आजही अवघड पिंपल्सवरचं सगळ्यात जबरदस्त औषध तेच आहे. पण ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, प्रेग्नन्सी नाही याची खात्री करून. तेव्हा ‘स्किनसाठी व्हिटॅमिन ए चांगलं’ ऐकून दुकानातून बाटली आणून मनाने डोस वाढवण्यात काही अर्थ नाही.

झिंकची बाजू त्यातल्या त्यात बरी आहे. 332 जणांवरचा एक मोठा प्रयोग 2001 मध्ये छापून आला, अर्ध्यांना रोज 30 मिलिग्रॅम झिंक, अर्ध्यांना मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक. तीन महिन्यांनी झिंकवाल्यांपैकी 31 टक्क्यांना चांगला फरक, अँटिबायोटिकवाल्यांपैकी 63 टक्क्यांना. म्हणजे झिंक अगदीच फुसकं नाही, पण औषधाच्या निम्मंच. रिकाम्या पोटी घेतलं तर मळमळतं, आणि जास्त डोस महिनोन्‌महिने घेत राहिलात तर शरीरातलं तांबं कमी होतं, तो एक वेगळाच ताप.

व्हिटॅमिन डी आणि ओमेगा-3 बद्दल थोडक्यात, कारण सांगण्यासारखं तेवढंच आहे. पिंपल्स असलेल्यांच्यात डी कमी आढळतं, आणि कमी असलेल्यांना दिल्यावर सूज असलेले पिंपल्स थोडे उतरले असं कोरियातल्या एका छोट्या अभ्यासात दिसलं. डी मुळातच कमी नसेल तर भरून काय मिळणार. ओमेगा-3 चेही प्रयोग छोटे, एकात तर 13 पैकी 8 जणांना बरं वाटलं आणि 4 जणांचे पिंपल्स वाढले.

आणि बी12, हे सगळ्यात भन्नाट. आपल्या त्वचेवरचे ते बॅक्टेरिया स्वतःसाठी बी12 बनवतात. 2015 मधल्या अभ्यासात दिसलं की माणसाने बी12 घेतलं आणि त्वचेत ते मुबलक झालं की बॅक्टेरिया स्वतःचं बी12 बनवणं कमी करतात, आणि तोच कच्चा माल पॉर्फिरिन नावाचे पदार्थ बनवण्याकडे वळतो, जे त्वचेत सूज वाढवतात. बी12 दिलेल्या 10 जणांपैकी एकाला आठवड्याभरात पिंपल्स आलेसुद्धा. दहापैकी एक, म्हणजे सगळ्यांना होतंच असं नाही, आणि ज्यांना बी12 खरंच कमी आहे त्यांनी या भीतीने गोळी बंद करायची नाही, डॉक्टरला सांगायचं. पण कमी नसताना ‘स्किन ग्लो’ म्हणून घेतलेल्या मल्टिव्हिटॅमिनमधूनच पिंपल्स येत असतील हे कोणाच्या डोक्यात येणार, लेबल वाचा एकदा.

अमेरिकेतल्या स्किनच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2024 मध्ये नवी गाइडलाइन काढली, त्यात बेंझॉइल पेरॉक्साइड (हेही लावायचंच औषध), ट्रेटिनॉइनसारखी लावायची रेटिनॉइड्स, डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, जास्त त्रास असेल तर आयसोट्रेटिनॉइन यांची ठाम शिफारस आहे, आणि कमी साखरेचा आहार, झिंक, व्हिटॅमिन डी वगैरेंबद्दल म्हटलंय की शिफारस करण्याइतका पुरावा अजून नाही. मला हे पटतं. साखर, कोल्ड्रिंक कमी करण्यात तोटा काहीच नाही, तेवढं जरूर करा, पण क्रीमच्या जोडीला, क्रीमच्या ऐवजी नाही. करायचंच तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान 12 आठवडे द्या, दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो काढा, कारण आरशाचा आणि आपल्या मूडचा काही भरवसा नाही. टीनएजर पोरांना मात्र हे खाऊ नको ते खाऊ नको करून भंडावू नका, खाण्याची भीती बसली तर ती पिंपल्सपेक्षा महागात पडते.

गोळ्या चालूच असतील तर डॉक्टरकडे जाताना बाटल्या बरोबर न्या. आयसोट्रेटिनॉइन चालू असताना व्हिटॅमिन ए असलेलं काहीही घ्यायचं नाही, दोन्ही मिळून ओव्हरडोससारखं होतं. आणि केस-स्किन-नखंवाल्या गोळ्यांमध्ये हमखास बायोटिन (हे एक बी व्हिटॅमिन) असतं, ज्याचा पिंपल्सवर उपयोग होतो असा धड पुरावा नाही, पण जास्त डोसमध्ये ते ब्लड टेस्ट बिघडवतं, थायरॉइडची पण आणि हार्ट अटॅक ओळखायच्या ट्रोपोनिनची पण, अमेरिकेच्या एफडीएने 2017 मध्ये तसा इशारा दिलेला आहे. रक्त द्यायला जाल तेव्हा लॅबवाल्याला आधीच सांगा.