कारक कौशल्ये आणि मेंदूचे हालचालींवरील नियंत्रण

ठरवलेले काम साधण्यासाठी शरीराच्या हालचाली सरावाने जुळवून आणण्याची क्षमता म्हणजे कारक कौशल्य. प्रतिक्षिप्त क्रिया यात मोडत नाहीत. तापलेल्या तव्याला बोट लागले की हात झटकन मागे येतो. ती आज्ञा पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूतून सुटलेली असते आणि चटका बसल्याची जाणीव मेंदूला नंतर होते. त्याच तव्यावर भाकरी न मोडता टाकणे हे मात्र कौशल्य आहे, आणि ते अंगात मुरेपर्यंत बऱ्याच भाकऱ्या फाटतात.

परातीत पीठ भुरभुरून गोळा थापताना प्रत्येक थापेसरशी भाकरी थोडी फिरते. कड कुठे जाड राहिली ते डोळ्यांआधी बोटांना कळते आणि पुढची थाप नेमकी तिथे पडते. नवशिक्याची नजर परातीवरून हलत नाही. हात बसलेली बाई जाळ मागेपुढे सारत, कुणाशी बोलत थापत राहते. काम तेच असले तरी दोघींच्या मेंदूत ते वेगळ्या प्रकारे चाललेले असते.

ऐच्छिक हालचालींच्या आज्ञा मुख्यतः प्रमस्तिष्काच्या, म्हणजे मेंदूच्या सर्वांत मोठ्या भागाच्या, बाह्य थरातील कारक क्षेत्रातून निघतात. १८७० मध्ये गुस्टाव फ्रिच आणि एडुआर्ड हिट्झिग यांनी बर्लिनमध्ये कुत्र्याच्या मेंदूच्या या भागाला सौम्य विद्युतप्रवाह दिला, तेव्हा शरीराच्या विरुद्ध बाजूचे स्नायू हलले. पुढे माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या मेंदूवर याच पद्धतीने शरीराचा नकाशा शोधला. त्या नकाशात पाठ आणि मांड्या आक्रसलेल्या, तर बोटे, ओठ आणि जीभ अवाढव्य दिसतात. ज्या अवयवाला जितके बारीक काम, तितकी त्याला मेंदूत जागा जास्त. कारक क्षेत्रातून मेरुरज्जूकडे जाणारे बहुतेक तंतू मस्तिष्कपुच्छात, म्हणजे मेंदू जिथे मेरुरज्जूला जोडला जातो त्या भागात, बाजू बदलतात. म्हणून मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात रक्तस्राव झाला की लकवा उजव्या अंगाला येतो.

पण आज्ञा देऊन भागत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला खाली असलेला अनुमस्तिष्क हा मेंदूच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा असूनही मेंदूतील निम्म्याहून अधिक चेतापेशी त्यात असतात. ठरलेली हालचाल आणि प्रत्यक्षात झालेली हालचाल यांतला फरक ताडून पुढची आज्ञा सुधारण्यात त्याचा मोठा वाटा आहे. ‘आधी स्वतःच्या नाकाला, मग माझ्या बोटाला हात लावा,’ असे डॉक्टर सांगतात तेव्हा याचीच परीक्षा असते. अनुमस्तिष्काला इजा झालेल्या माणसाचे बोट लक्ष्याजवळ येता येता थरथरते किंवा त्याच्या पुढे निघून जाते.

मेंदूच्या गाभ्यात बेसल गँग्लिया नावाचा पेशीसमूह आहे. कोणती हालचाल सुरू व्हावी आणि कोणती दाबून ठेवावी, हे ठरवण्यात तो गुंतलेला असतो. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णिलेल्या कंपवातात या भागाला मिळणारे डोपामिन हे संदेशवाहक रसायन कमी पडते. रुग्णाचे अक्षर ओळीगणिक बारीक होत जाते, पाऊल उंबऱ्यापाशी खिळते. जमिनीवर आडव्या रेषा आखल्या, तर पुष्कळदा तोच माणूस एकेक रेष ओलांडत चालू लागतो. पायांतली ताकद गेलेली नसते. अडलेली असते ती सुरुवात, आणि घरच्यांनी हे समजून घेणे फार गरजेचे आहे.

मेंदू प्रत्येक स्नायूची यादी पाठ करून ठेवतो का? १९२० च्या दशकात मॉस्कोमध्ये निकोलाय बर्नस्टाइन यांनी हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचालींची छायाचित्रे घेतली. हातोडा दरवेळी जागच्या जागी पडत होता, पण खांदा, कोपर आणि मनगट यांची वाट प्रत्येक घावाला थोडी निराळी होती. एका सांध्याची चूक दुसरा सांधा भरून काढत होता. घोटणे म्हणजे तीच हालचाल जशीच्या तशी पुन्हा करणे नव्हे. तोच प्रश्न दरवेळी नव्याने सोडवणे, हा सरावाचा खरा अर्थ आहे.

या शिकण्याची आठवण प्रसंगांच्या आठवणींहून वेगळी असते. १९५३ च्या शस्त्रक्रियेनंतर नव्या घटना लक्षात ठेवू न शकणारे हेन्री मोलेसन आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला शिकले. ब्रेंडा मिलनर यांच्या या प्रयोगात त्यांच्या चुका दिवसागणिक घटल्या, पण आपण हे पूर्वी केले आहे हे त्यांना आठवत नव्हते.

कौशल्यांची वर्गवारी अनेक अंगांनी होते. मोठे स्नायू वापरणारी ती स्थूल, बोटांच्या नेमकेपणावर चालणारी ती सूक्ष्म. सूर मारणे हे सुटे कौशल्य, पोहणे सलग. सर्वांत उपयोगी भेद बंद आणि खुल्या कौशल्यांचा आहे. मल्लखांबाचा खांब जागचा हलत नाही, कधी सुरू करायचे ते खेळाडूच्या हाती असते. हे बंद कौशल्य. खो-खोत पळणाऱ्याने कधी हुलकावणी द्यावी ते पाठलाग करणारा ठरवतो. हे खुले. पहिल्यात एकच पकड घोटणे फळते, तर दुसऱ्यात परिस्थिती बदलत सराव दिला नाही तर मैदानात तो कामी येत नाही. अर्थात हे कप्पे बंदिस्त नाहीत. रांगोळीची रेघ बोटांची असते, पण ओणवे बसून तोल सांभाळणारे अंग त्याआधी तयार व्हावे लागते.

मुलांतही हाच क्रम साधारणपणे दिसतो. आधी मान, मग धड, मग बोटे. नऊ-दहा महिन्यांचे मूल मूठ सोडून चिमटीने चुरमुरा उचलू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुलांची पाहणी करून २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांनुसार, आधाराशिवाय चालणे सुमारे ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान केव्हाही सुरू होऊ शकते.