सोलापुरात मानसशास्त्रासोबत प्रादेशिक संस्कृतीचा अभ्यास: बी.ए. प्रवेश, पात्रता आणि कागदपत्रे

घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी बोलणारं मूल सोलापुरात जागोजागी भेटतं. आपण कोणत्या गटाचे, हे माणूस कसं ठरवतो, यावर मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७०च्या दशकात सामाजिक ओळखीचा सिद्धांत मांडला. तो समजून घ्यायला या शहरासारखी जागा शोधून सापडणार नाही. म्हणून मानसशास्त्राला मराठी, कन्नड, इतिहास किंवा समाजशास्त्राची जोड द्यावी, असं मला मनापासून वाटतं. नव्या शैक्षणिक धोरणाने ही जोड पदवीतच देता येते. मात्र प्रवेशाच्या वेळी विषय नीट निवडायला हवेत.

पात्रतेची बाजू सोपी आहे. बी.ए.साठी कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण असणं पुरेसं आहे, सायन्सची मुलंही येऊ शकतात. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत प्रवेश महाविद्यालयाच्या पातळीवर, गुणवत्तेनुसार होतो. अर्ज भरायचा, गुणवत्ता यादी पाहायची आणि दिलेल्या मुदतीत मूळ कागद दाखवून फी भरायची. मानसशास्त्र सगळ्या महाविद्यालयांत शिकवलं जात नाही आणि जिथे आहे तिथेही जागा मोजक्या असतात. म्हणून एकाच ठिकाणी अर्ज करून थांबू नका.

खरा विचार मेजर-मायनरचा, म्हणजे मुख्य विषय आणि जोडविषय यांचा करायचा. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप. तीन वर्षांची पदवी साधारण १२० ते १३२ क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ क्रेडिटची. मायनरला तीन वर्षांत १८ ते २० क्रेडिट मिळतात, म्हणजे तो विषय गुणपत्रिकेवर ठसठशीत दिसतो. काही महाविद्यालयांत पहिल्या वर्षी विषयांचा गट घेऊन दुसऱ्या वर्षी मेजर आणि मायनर ठरवतात, काही ठिकाणी सुरुवातीलाच ठरवतात. स्वायत्त महाविद्यालयाची रचना आणखी वेगळी असू शकते. माहितीपुस्तिकेतला विषयगटांचा तक्ता अर्जाआधी वाचा. मानसशास्त्र आणि तुम्हाला हवा तो विषय एकाच गटात नसतील, तर नंतर रडून उपयोग नाही. मैत्रिणीने घेतला किंवा तास दुपारी लवकर सुटतात म्हणून मायनर घेणं, हे माझ्या मते तीन वर्षं वाया घालवणं आहे.

मायनर जुळला नाही, तरी दोन वाटा उरतात. एक फील्ड प्रोजेक्टची. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज (खांद्यावर वाहायचे मानाचे उंच ध्वज) निघतात, अक्षता सोहळा होतो. त्या मानाचं ओझं खांद्यावर घेणाऱ्या घरांतल्या पोरांना ‘आपण’ म्हणजे कोण वाटतं, हा मानसशास्त्राचाच प्रश्न आहे. मुलाखत घेताना लेखी संमती घ्या आणि नावं बदला. दुसरी वाट एकाच वेळी दोन पदव्यांची. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एप्रिल २०२२ पासून त्याला परवानगी दिली आहे. मानसशास्त्र नियमित वर्गात आणि मराठी किंवा इतिहास मुक्त विद्यापीठातून, असं करता येतं. उलटं मात्र नाही. जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देण्यास यूजीसीने बंदी घातली आहे. कोणी तशी जाहिरात दाखवली तर पैसे भरू नका.

कागदपत्रांमध्ये दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो आणि डिजिलॉकरवरून काढलेला एबीसी आयडी (तुमचे क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) लागतो. शिक्षणात खंड असेल तर प्रतिज्ञापत्र. आरक्षण हवं असेल तर जातीचा दाखला, लागू असेल तिथे नॉन क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र. हे दाखले सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून मिळतात. निकालानंतर तिथे झुंबड उडते, म्हणून परीक्षा संपताच अर्ज करा.

इथल्या घरांना दोन गोष्टी विशेष सांगाव्या लागतात. पद्मशाली समाज महाराष्ट्रात विशेष मागास प्रवर्गात (एसबीसी) येतो, त्यामुळे अर्जात ओबीसीवर टिक करू नका. इतर मागास आणि विशेष मागास या दोन्हींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून महाराष्ट्रात वास्तव्य असल्याचा पुरावा मागतात. आजोबा तेलंगणातून मागावर कामाला आले असतील, तर त्यांच्या शाळेचा दाखला किंवा घराचे जुने उतारे आताच शोधायला घ्या. दुसरी गोष्ट नावाची. तेलुगू-कन्नड आडनावांचं स्पेलिंग आधारवर एक आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं असतं. एबीसी आयडी तिथेच अडतो. आधार दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे दुरुस्त करून घ्या.

कर्नाटकातल्या इंडी, आळंद, अफजलपूरकडून येणाऱ्यांनी पीयूसीची (तिथल्या बारावीची) गुणपत्रिका, टीसी आणि आपल्या बोर्डाचं मायग्रेशन प्रमाणपत्र आणावं. त्यांचा प्रवेश आधी तात्पुरता असतो आणि विद्यापीठाने पात्रता तपासल्यावर पक्का होतो. मायग्रेशनचा अर्ज निकाल लागताच टाका.

शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर वेगळा अर्ज करावा लागतो, प्रवेशासोबत तो आपोआप होत नाही. अनुसूचित जातीसाठीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, तर खुल्या प्रवर्गासाठीच्या राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीला आठ लाखांपर्यंत चालतं. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात.

बी.ए. झालं म्हणून पाटी लावून उपचार करता येत नाहीत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं असेल, तर पुढे भारतीय पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेला अभ्यासक्रम आणि तिची नोंदणी लागते. संशोधन, शाळा किंवा सामाजिक संस्थेत काम करायचं असेल, तर मायनरमधली भाषा आणि मुलाखतींची वही सोबत ठेवा, एम.ए.च्या प्रबंधाला तीच पुढे कामी येते.