हॉथॉर्नच्या दिव्यांची दंतकथा
शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून झालेल्या प्रयोगांत प्रकाश वाढवला काय किंवा घटवला काय, निव्वळ लक्ष दिल्यामुळे कामगारांचे उत्पादन वाढतच गेले, असे अजूनही सांगितले जाते. हे खरे नाही. लेव्हिट आणि लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये मूळ आकडे तपासले, तेव्हा दिसले की दिवे रविवारी बदलले जात आणि सोमवारची तुलना शनिवारशी होई. पण सोमवारी उत्पादन एरवीही अधिकच असे. नंतरच्या, रिले (टेलिफोन यंत्रणेतले विद्युत स्विच) जोडणाऱ्या कामगारांवरच्या प्रयोगात मजुरी छोट्या गटाच्या उत्पादनाशी जोडली गेली, विश्रांतीच्या वेळा दिल्या गेल्या, आणि तरीही श्रेय ‘लक्ष देण्या’ला मिळाले, हे मला अन्यायाचे वाटते. शिवाय जोडणी करणाऱ्या पाचपैकी दोघींना प्रयोग चालू असतानाच बदलण्यात आले होते.