जाम झालेला नट आणि बैलगाडीची धाव

गळीत हंगाम संपला तसा उसाचा ट्रक दारात लागला आणि मागच्या चाकावरचा मुख्य पाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी) तुटलेला सापडला. घरीच बदलू म्हणून मी आणि चुलतभाऊ खाली शिरलो. पाटे धुरीला आवळून धरणाऱ्या इंग्रजी ‘यू’ आकाराच्या बोल्टांचे, म्हणजे यू-बोल्टचे, तीन नट सुटले, चौथा काही केल्या हलेना.

भावाने पान्याला मीटरभर पाईप अडकवला. मी त्याला थांबवलं. तेवढ्या लांबीवर ४० किलोचा भार टाकला, तर बोल्टला सुमारे ३९० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. गंजून बारीक झालेला १६ मिमीचा बोल्ट त्याने सहज तुटतो.

नट गंजाने चिकटलेला नसतो, आतून आवळलेला असतो. पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही मिळाले की लोखंडाचा गंज होतो, आणि त्याला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते; भरपूर पाणी धरलेल्या गंजाला पाच-सहापट. आट्यांमधली फट जेमतेम केसाएवढी. तिथे फुगलेला गंज पाचरीसारखा बसतो. त्यात आमच्याकडे वाळवा, मिरज भागात कृष्णाकाठच्या कितीतरी जमिनी क्षारपड झाल्यात. त्या फडातला चिखल पाट्यांच्या बेचक्यात महिनोन्‌महिने ओला राहतो, आणि गंजताना जी बारीकशी वीज वाहते ती क्षाराच्या पाण्यातून सहज जात असल्याने गंजण्याची क्रिया आणखी वेग घेते.

रात्रभर डिझेल सोडून ठेवलं. पातळ तेल गंजाच्या बारीक छिद्रांतून आपसूक आत ओढलं जातं, दिव्याच्या वातीत चढतं तसं. सकाळी नटाच्या कडांवर हातोडीने हलकेच ठोकलं. गंज ठिसूळ असतो, ठोक्यांनी तडकतो. तरीही नट जागचा हलला नाही.

शेवटी गॅसवाल्याला बोलावलं. त्याआधी डिझेल पुसून कोरडं केलं, ते विसरून चालत नाही. भावाचा प्रश्न रास्त होता: नट तापून फुगला तर त्याचं भोक आणखी आवळणार नाही का? नाही, भोकही मोठं होतं. लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतो ते आठवा. लोखंडी कडं लालबुंद तापवून, सैल झालं की लाकडी चाकावर बसवतो आणि पाणी ओतून आवळतो. इथे तेच, फक्त उलट्या कामासाठी. लोखंडाचा प्रत्येक मीटर एका अंशाला १२ मायक्रॉन वाढतो. नट बोल्टपेक्षा ३०० अंशांनी जास्त तापला, तर १६ मिमीच्या भोकाचा व्यास सुमारे ०.०६ मिमी वाढतो. म्हणून ज्योत नटावरच धरायची आणि घाई करायची. बोल्टही तेवढाच तापला, तर तोही फुगतो आणि फट होती तेवढीच राहते.

नट काळपट लाल झाला. पाना लावताच ‘कट्’ असा आवाज आला आणि तो पाव आटा फिरला. मग मागे-पुढे करत, थोडं थोडं सोडवत काढला. आट्यांत विटकरी भुकटी भरलेली होती, बोटाला लागताच हळदीसारखी पसरली.

तापवलेला यू-बोल्ट परत वापरायचा नसतो, त्याचं बळ गेलेलं असतं. नवीन आणला, पाटा बसवला, आणि चारही नट आवळून झाल्यावर बाहेर उरलेल्या आट्यांवर जाड ग्रीस थापलं.